महाकाय राक्षसांच्या साहसकादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरोऱ्याकडच्या आमच्या गावातल्या वाचनालयात एक कपाट आहे. त्याला पोरांनीच 'राक्षसाचं कपाट' नाव पाडलंय. त्या कपाटाबद्दल लोक काउंटरवर, फोनवर, परत आलेल्या पुस्तकात चिठ्ठी ठेवून तेच ते प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. ज्यानं ज्या बोलीत विचारलं तशीच ठेवली आहे. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. महाकाय राक्षसाची कादंबरी म्हणजे नेमकी कोणती? प्राणी किती मोठा पाहिजे?

मीटरमध्ये ठरलेलं माप नाही. मी एक साधी कसोटी लावते. एक माणूस बंदूक घेऊन निघाला आणि काम फत्ते झालं, तर ती शिकारकथा. गावं खाली करावी लागली, रेल्वे थांबवावी लागली, जिल्हाधिकाऱ्यांना रात्री दोनला उठवावं लागलं, तर ते पुस्तक या कपाटात. १९५४ च्या जपानी सिनेमातला राक्षस गॉडझिला पन्नास मीटर उंच होता. स्टीव्ह ऑल्टनच्या 'मेग' (१९९७) मधला प्राचीन शार्क त्याहून बराच लहान आहे. तरी दोघांची जागा इथेच.

दुसरी अट साहसाची. नुसतं पळणं पुरत नाही, कोणीतरी त्या प्राण्याच्या दिशेनं गेलं पाहिजे. बेटावर, पठारावर, समुद्राच्या तळाशी, कुठेही. सगळी पात्रं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तळघरात दडून बसली असतील तर ती भयकथा झाली.

२. मी नारायण धारपांचं बरंच वाचलंय. हे तसंच असतं का?

नाही. धारपांच्या कथेत बराच काळ 'खरंच काही आहे की मनाचा खेळ?' हा संशय चालतो आणि तोच तुम्हाला धरून ठेवतो. इथे संशय लवकर मिटतो. प्राणी आहे, सगळ्यांना दिसतोय, आता करायचं काय? धारप आवडणाऱ्यांना हे प्रकरण सुरुवातीला कोरडं वाटतं असा माझा अनुभव आहे. तुम्ही समुद्रातल्या कथांपासून सुरू करा. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे तुमच्या ओळखीची भीती तिथे थोडी भेटेल.

३. हे सारं खोटंच असते ना ताई? मंग वाचाचं कायले?

खोटंच असतं. आणि हा प्रश्न विचारणारेच पुढे सगळ्यात जास्त पुस्तकं नेतात.

पहिली मजा मापाची. 'फार मोठा प्राणी होता' असं लिहिलं की डोळ्यांपुढे काही येत नाही. आता असं बघा. सकाळी एक माणूस वावरात जातो. पऱ्हाटीच्या ओळी मधेच तुटलेल्या दिसतात. रानडुकरांचा कळप घुसला असेल म्हणून शिव्या घालत तो पुढे होतो, तर जमीन खाली गेलेली. सात-आठ ओळी मुळासकट दाबलेल्या, आणि खड्ड्याच्या पुढच्या कडेला तीन खोल कप्पे, त्यांत रात्रीचं पाणी साचलेलं. तो धुऱ्यावर चढतो. दुसरा खड्डा शेजाऱ्याच्या तुरीत आहे. दोन्हींच्या मधे विहीर आहे आणि विहिरीच्या कठड्याला ओरखडासुद्धा नाही. प्राणी अजून आलेला नाही, पण त्याचा पाय केवढा आणि टाच कुठून कुठे पडते हे वाचकाला कळून चुकलं. चाहते अशा पानासाठी वाचतात. इमारती कोसळण्याचं वर्णन कोणीही करतं.

दुसरी मजा व्यवस्थेची. एवढं संकट आलं की रोजचं जग कसं चालतं ते उघडं पडतं. कोणता पूल किती वजन पेलतो, डिझेल कुठून येतं, कोणाचा फोन कोण उचलत नाही. चांगल्या लेखकानं हे नीट अभ्यासलेलं असतं. राक्षस खोटा असला तरी त्याच्या भोवतीचं सगळं खरं लागतं.

तिसरी गोष्ट लोक उघड बोलत नाहीत, पण असते. दुष्काळाला, पडलेल्या भावाला, बुडालेल्या बँकेला बोट दाखवावं असं तोंड नसतं. राक्षसाला असतं. तो कुठून आला, कुठे चाललाय, हे नकाशावर दाखवता येतं. दिवसभर कागदपत्रांसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला संध्याकाळी असा शत्रू वाचून बरं वाटतं, यात मला नवल वाटत नाही.

आणि चौथी, त्या जनावराबद्दल आतून वाटणारी दया. त्याबद्दल प्रश्न १३ मध्ये.

आमच्याकडे एक वाचक रात्री जागलीला जातात, रोही (नीलगायी) आणि डुकरांपासून तूर राखायला. ते सांगतात की रणगाड्यांची प्रकरणं ते उलटून टाकतात. माणसं अंधारात बसून फक्त कानोसा घेत आहेत, अशी प्रकरणं मात्र दोनदा वाचतात. लेखकानं खरंच कधी रात्र काढली आहे की नाही हे तेवढ्यावरून ओळखू येतं म्हणे.

४. पन्नास मीटरचा प्राणी खरोखर उभा राहू शकेल का? विज्ञानाच्या सरांनी नाही म्हटलं.

सर बरोबर आहेत. गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात हे मांडलं. हिशेब सोपा आहे. सहा फुटांचा माणूस सगळ्या बाजूंनी दहापट केला, तर तो साठ फुटांचा होईल. वजन मात्र लांबी, रुंदी, जाडी तिन्हींत वाढतं, म्हणून हजारपट होईल. हाडाची ताकद त्याच्या छेदावर अवलंबून असते आणि तो छेद शंभरपटच वाढतो. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आधीच्या दहापट भार. पहिल्याच पावलाला मांडीचं हाड मोडायचं. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञानं १९२६ च्या एका निबंधात गोष्टीतल्या राक्षसांचा असाच हिशेब मांडून त्यांची गंमत केली होती. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

पाण्यात गोष्ट वेगळी. पाणी वजन उचलून धरतं, म्हणून निळा देवमासा तीस मीटरपर्यंत वाढू शकतो. समुद्री राक्षस जास्त पटतात ते यामुळे.

लेखक यातून कशी वाट काढतात? बरेच जण विषयच काढत नाहीत. जॉन स्काल्झी यांनी 'द कैजू प्रिझर्व्हेशन सोसायटी' (२०२२) मध्ये उलट केलं (कैजू म्हणजे जपानीत असेच महाकाय राक्षस). प्राण्यांच्या पोटातच अणुभट्टी, अंगावर परजीवींची अख्खी वस्ती, आणि त्या परजीवींवाचून तो जगू शकत नाही अशी रचना. चाहत्यांचा नियम एवढाच की मोठी थाप एकच मारायची. प्राणी उभा राहतो हे आम्ही मान्य केलं. त्यानंतर तो उपाशी राहिला तर अशक्त झाला पाहिजे, चिखलात उतरला तर रुतला पाहिजे.

५. पहिली अशी कादंबरी कोणती?

महाकाय प्राण्याच्या गोष्टी सगळीकडे जुन्याच आहेत (पुराणांबद्दल प्रश्न १० पाहा). आधुनिक कादंबरीपुरतं बोलायचं तर ज्यूल व्हर्नपासून सुरुवात धरतात. पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाची त्याची कादंबरी १८६४ ची. तिथे भूमिगत समुद्रात दोन प्राचीन जलचरांची झुंज आहे. समुद्राखालच्या वीस हजार लीगांची कथा १८७० मध्ये पूर्ण छापून आली, आणि पाणबुडीला वेढणारा तिच्यातला अष्टपाद सगळ्यांना ठाऊक आहे. ती कल्पना हवेतून आलेली नव्हती. १८६१ मध्ये 'अलेक्टन' या फ्रेंच जहाजाची गाठ अवाढव्य माखल्याशी (इंग्रजीत स्क्विड) पडली होती आणि त्याची बरीच चर्चा झाली होती. असा माखला त्याच्या खोल पाण्यातल्या घरी जिवंत असताना कॅमेऱ्यात यायला मात्र २००४ उजाडलं, तेही जपानजवळ.

पुढे एच. जी. वेल्सनं १९०४ मध्ये प्राण्यांना आणि मुलांना महाकाय करणारं खाद्य कल्पिलं. १९१२ मध्ये आर्थर कॉनन डॉयलनं 'द लॉस्ट वर्ल्ड' मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या एका उंच पठारावर डायनासोर जिवंत ठेवले. 'तिकडे कुठेतरी अजून शिल्लक आहेत' ही युक्ती तिथून पुढच्या असंख्य लेखकांनी उचलली.

६. गॉडझिला आधी पुस्तक का आधी सिनेमा?

सिनेमा. ३ नोव्हेंबर १९५४ ला तो जपानमध्ये लागला. मूळ कथा शिगेरू कायामा या कादंबरीकाराकडून लिहून घेतली होती आणि त्यांनीच पुढच्या वर्षी त्यावर मुलांसाठी कादंबरी केली. ती इंग्रजीत यायला थेट २०२३ लागलं, अनुवाद जेफ्री अँगल्स यांचा.

यामागची घटना माहीत असली की पुस्तक वेगळं वाटतं. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख 'लकी ड्रॅगन' नावाच्या जपानी मासेमारी नौकेवर पडली. तेवीस खलाशी आजारी पडले आणि नौकेचा रेडिओचालक सप्टेंबरात गेला. नोव्हेंबरात पडद्यावर सगळ्यात आधी एक बोट लख्ख उजेडात नष्ट होते. जपानी प्रेक्षकांना ते काय आहे हे सांगावं लागलं नसणार.

सिनेमा पाहिला तरी पुस्तक का वाचायचं, हाही प्रश्न याच्याच पोटातला. पडद्यावर राक्षस दुसऱ्यानं ठरवलेला असतो. पुस्तकात त्याची उंची तुम्ही ठरवता, आणि ती नेहमी जास्तच निघते.

७. गॉडझिला दरवेळी उंच का होत जातो? मित्राशी पैज लागली आहे.

शहरं उंच झाली म्हणून. १९५४ मध्ये पन्नास मीटर पुरेसे होते, कारण तेवढ्यानं तो टोकियोतल्या इमारतींच्या वरून बघू शकत होता. १९८४ मध्ये ऐंशी केले, २०१४ च्या अमेरिकी सिनेमात १०८, २०१६ च्या जपानीत ११८.५. आपल्या भागात सोडला तर पन्नासचाही भरपूर होईल. पैज कोण जिंकलं ते कळवा.

८. सुरुवात कुठून करू?

तुम्ही काय शोधताय त्यावर आहे. पान उलटत राहावंसं वाटणारं हवं असेल तर मायकेल क्रायटनची १९९० ची डायनासोरांच्या बागेची कादंबरी, 'जुरासिक पार्क'. सिनेमापेक्षा ती जास्त रुक्ष आणि जास्त भीतीदायक आहे. माझी स्वतःची आवड डॉयलचं १९१२ चं पठार. त्यातला प्रोफेसर चॅलेंजर इतका भांडखोर आहे की डायनासोर येण्याआधीच पैसे वसूल होतात. हसत वाचायचं असेल तर स्काल्झी (प्रश्न ४). तिथला नायक करोनाच्या दिवसांत घरोघरी जेवण पोचवायचं काम करत असतो आणि तिथून थेट राक्षसांच्या जगात जाऊन पडतो.

'मोबी डिक' पासून सुरू करू नका. कारण पुढच्या उत्तरात.

९. शंभर पानं झाली तरी राक्षसाचा पत्ता नाही. लेखक पानं का भरतात?

सगळेच भरत नाहीत. काही जण राखून ठेवतात. मेलव्हिलच्या १८५१ च्या 'मोबी डिक' मध्ये १३५ प्रकरणं आहेत आणि पांढरा देवमासा प्रत्यक्ष दिसतो तो १३३ व्यात. तोवर त्याच्याबद्दल ऐकीव गोष्टी, जखमी माणसं, तुटलेले भाले. राक्षस दिसला की त्याला माप मिळतं आणि माप मिळालं की भीतीला कड येते. म्हणून चांगला लेखक आधी त्यानं सोडलेल्या खुणा दाखवतो. प्रश्न ३ मधला वावरातला खड्डा आठवा.

पानं भरणारे ओळखायचे कसे? ज्या शंभर पानांत खुणाही नाहीत, नुसते नायक-नायिकेचे जुने घटस्फोट आहेत, ते पुस्तक खुशाल परत करा. उशिराचा दंड घेणार नाही.

१०. बकासुर, कुंभकर्ण, लवणासुर हे याच प्रकारात धरायचे का? घरी वाद झाला.

बहुतेक नाहीत, आणि त्यात त्यांचा कमीपणा नाही. पुराणातला असुर बोलतो, त्याला घराणं असतं, मिळालेला वर असतो, देवाशी जुनं देणंघेणं असतं. त्याचा वध हा त्याच्या कर्माचा हिशेब असतो. कादंबरीतल्या राक्षसाला हे काहीच नसतं. त्याला भूक असते आणि वाट असते.

बकासुर मात्र मी या कपाटात बसवेन. आदिपर्वात एकचक्रा नगरीनं त्याच्याशी करार केलेला आहे. रोज गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, आणि घराघरांत पाळी लावलेली. राजा दुबळा, म्हणून लोकांनी स्वतःच ही सोय लावून घेतलेली. मला यात असुरापेक्षा ती पाळीची पद्धत भयंकर वाटते. एखाद्याची पाळी आली की शेजारी काय बोलत असतील, पाळी चुकवायला कोण काय देत असेल, यावर आजच्या लेखकानं तीनशे पानं लिहावीत इतका ऐवज आहे. भीम जाऊन आधी ते सगळं जेवण स्वतःच संपवतो, हे तर आपल्याकडच्या कुठल्याही पोराला विचारा.

११. वाघाच्या, नरभक्षकाच्या कादंबऱ्या या कपाटात का नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्याला थोडं सविस्तर उत्तर द्यावं लागतं.

नियमाप्रमाणे त्या बसतच नाहीत, वाघ महाकाय नाही (प्रश्न १). पण खरं कारण दुसरं आहे. आम्ही ताडोब्याच्या शेजारचे लोक. तेंदूपत्ता आणि मोहफुलांच्या दिवसांत भल्या पहाटे जंगलात गेलेली माणसं परत न येण्याच्या बातम्या इथे दूरच्या नसतात. ज्या घरात हे झालंय त्या घरातलं कोणी वाचनालयात आलं आणि समोर 'रक्तपिपासू' छापाचं मुखपृष्ठ दिसलं, तर ते मला चालणार नाही. आणि वाघाला राक्षस ठरवणंही चालणार नाही. तो आपल्या भुकेनं आणि आपल्या हद्दीत चालतो. गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून रानहत्ती येऊ लागले. धानाची नासाडी झाली, घरं पडली. त्यालाही कोणी साहसकथा म्हणू नये.

पीटर बेंचली यांचं उदाहरण बोलकं आहे. १९७४ मध्ये त्यांनी किनाऱ्यावरच्या एका शार्कची 'जॉज' ही कादंबरी लिहिली, तिच्यावर सिनेमा आला, आणि लोक शार्कला सैतान समजून मारत सुटले. बेंचलींनी पुढची बरीच वर्षं शार्क वाचवण्याच्या कामात घालवली. आता माहीत आहे तेवढं तेव्हा माहीत असतं तर हे पुस्तक लिहिलं नसतं, असं ते सांगत. काल्पनिक राक्षसाची सोय हीच की त्याच्या नावानं खऱ्या जनावराला कोणी गोळी घालत नाही.

शिकारकथा हव्या असतील तर त्या वेगळ्या आहेत, मागच्या खोलीत, मागितल्या की देते.

१२. आपल्या विदर्भात असलं काही आहे का? का सगळं जपान-अमेरिकेतच?

आहे, आणि भरपूर आहे.

बुलढाण्यातलं लोणार घ्या. कथा अशी की लवणासुर तिथे जमिनीखाली दडून राहायचा आणि आसपासच्यांना छळायचा. विष्णूनं दैत्यसूदन रूपात त्याला ठार केलं. दैत्यसूदनाचं मंदिर गावात आजही आहे, कोरीव काम पाहायला तरी जा. विज्ञान सांगतं की बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून ते विवर झालं. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. १९५४ चा गॉडझिला तळाशी उभा केला तर काठावरून त्याचं डोकं फार खाली दिसेल. एकावर एक तीन उभे केले तर कुठे तो वर येईल. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं, त्या आठवड्यात आमच्याकडच्या पोरांनी किती राक्षस रचले विचारू नका.

चिखलदऱ्याला भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं म्हणतात. गावाचं नाव त्यावरूनच, भीमकुंडही तिथलंच. पण कीचक विराटाचा सेनापती, म्हणजे माणूसच. या गोष्टीतला महाकाय भीम आहे.

आणि खरे महाकाय हवे असतील तर आमचा चंद्रपूर जिल्हा. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरांच्या विष्ठेचे दगड झालेले सापडतात. हसू नका. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथल्या या दगडांत गवताचे सूक्ष्म अंश दाखवले. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच असं धरून चालत. आता पुस्तकात डायनासोर गवतातून चालताना दाखवला तरी कोणी चूक काढू शकत नाही. याच जिल्ह्यातल्या डोंगरगावला लांब मानेच्या एका शाकाहारी डायनासोराची हाडं मिळाली. १९९७ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि २००३ मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटवरून त्याला 'इसिसॉरस' नाव मिळालं. लांबी अंदाजे अठरा मीटर. दोन एसटी बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर त्यांच्यापेक्षा तो थोडासाच कमी भरेल.

पाहायला गेलात तर दगड उचलून घरी आणू नका. शोकेसमध्ये ठेवला की तो नुसता दगड होतो, कुठल्या थरात पडला होता ही माहिती तिथेच संपते.

१३. शेवटी राक्षस मेलाच पाहिजे का?

नियम नाही, सवय आहे. १९३३ चा किंग काँग इमारतीवरून पडतो. १९५४ चा गॉडझिला मरतो, पण त्याला मारणारं शस्त्र शोधणारा शास्त्रज्ञही त्याच्याबरोबर जातो, कारण ते शस्त्र दुसऱ्यांच्या हाती पडू नये. उलट १९६१ मध्ये तीन जपानी साहित्यिकांनी मिळून लिहिलेल्या कथेतून आलेली 'मोथ्रा' ही अजस्र पतंगीण. माणसांनी पळवून नेलेल्या दोन चिमुकल्या स्त्रियांना सोडवायला ती येते. शहर उद्ध्वस्त होतं, पण चूक कोणाची आहे हे सगळ्यांना दिसत असतं. मला हे जास्त आवडतं. राक्षस मेला की प्रश्न मिटला असं वाटून पुस्तक बंद होतं. तो जिवंत राहिला की माणसांना काहीतरी ठरवावं लागतं.

१४. यातली माणसं एवढी बावळट का असतात?

खरी तक्रार आहे. लेखकाचा सगळा जीव राक्षसात अडकलेला असतो. ठरावीक पात्रं: कोणी ऐकत नाही असा शास्त्रज्ञ, ऐकत नाही असा अधिकारी, आणि सगळ्यात आधी मरणारा लोभी व्यापारी. चॅलेंजर आणि व्हर्नचा कॅप्टन नेमो असे अपवाद टिकले ते याचमुळे. पुस्तक संपल्यावर महिन्याभरानं एखाद्या माणसाचं नाव आठवतंय का बघा. आठवलं तर ते पुस्तक विकत घ्यायच्या लायकीचं.

१५. मराठीत मिळतात का? इंग्रजी वाचाले जमत नाही.

व्हर्न मिळतो. भा. रा. भागवतांनी त्याला मराठीत आणलं आणि इथल्या कित्येकांना पाणबुडीची ओळख त्यांच्याकडूनच झाली. संक्षिप्त आवृत्त्या सहज मिळतात, पण सापडली तर जाड आवृत्तीच घ्या. संक्षेपात सगळ्यात आधी खुणा आणि कानोसे कापले जातात, नुसती झुंज उरते. जपानी परंपरेतल्या राक्षसांचं मराठीत दुर्भिक्ष आहे.

इंग्रजी थोडंफार येत असेल तर डॉयल आणि वेल्स मूळातून वाचून बघा. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. एका परिच्छेदात चार शब्द अडले तरी पुढे जा, प्राणी आला की अर्थ आपोआप लागतो.

१६. टोळधाड चालेल का? प्राणी लहान पण कोट्यवधी.

२०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत टोळ उतरले तेव्हापासून हा प्रश्न आहे. माझं उत्तर नाही. झुंडीला एक चेहरा नसतो, एक वाट नसते, तिच्याकडे चालत जाता येत नाही. ती आपत्तीकथा. पण झुंड एका राणीच्या हुकमानं चालत असेल आणि ती राणी ट्रकएवढी असेल, तर आणा, बघू.

१७. पोराले कितव्या वर्षापासून द्यावं?

संक्षिप्त व्हर्न नऊ-दहाव्या वर्षी चालतो. डॉयल बाराच्या पुढे, पण त्यात परक्या लोकांबद्दल त्या काळचा गोऱ्या साहेबाचा तोरा आहे, तेवढं समजावून सांगा. क्रायटनमध्ये रक्त बरंच आहे, चौदाच्या आधी नको. बेंचलींची शार्कची कादंबरी मोठ्यांचीच, मुखपृष्ठावरच्या माशावर जाऊ नका. रात्री भीती वाटते असं पोरानं सांगितलं तर पुस्तक काढून घेऊ नका, दिवसा वाचायला सांगा.

१८. मला वऱ्हाडात घडणारी अशी कादंबरी लिहायची आहे. गॉडझिला घेतला तर चालेल का?

गॉडझिला नको. त्याचे हक्क जपानच्या तोहो कंपनीकडे आहेत आणि ते जपले जातात. जुनं कथाबीज मात्र घेऊ शकता. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. व्हर्न १९०५ मध्ये गेला, डॉयल १९३० मध्ये, वेल्स १९४६ मध्ये. त्यांचा अनुवाद करा, रूपांतर करा, कोणाची परवानगी लागत नाही.

पण तुमचा स्वतःचाच राक्षस असावा. त्याला सैन्यापाशी नेण्याची घाई करू नका. आमच्याकडे लिहायला आलेल्या बहुतेक वह्यांत दुसऱ्याच प्रकरणात लढाऊ विमानं येतात, आणि तिथून पुढे ती गोष्ट विदर्भातली राहत नाही. त्याऐवजी कृषिपंपाची लाइन रात्री येते, म्हणून ओलिताला एकटा गेलेला माणूस घ्या. त्याच्या बॅटरीचा उजेड कुठवर पोचतो ते लिहा. पांदण रस्त्यावर चिखल असल्यानं गाडी आत येत नाही, म्हणून मदत उशिरा पोचते, हे लिहा. मग पंचनामा. तलाठी, कृषी सहायक, वनरक्षक तिघं धुऱ्यावर उभे आहेत. रानडुकरानं खाल्लं तर भरपाई आहे, रोह्यानं खाल्लं तरी आहे. अर्जातल्या 'वन्यप्राण्याचे नाव' या रकान्यात आता काय लिहायचं? वनरक्षक म्हणतो हा आमच्या यादीत नाही. तलाठी म्हणतो मग नैसर्गिक आपत्ती धरा. कृषी सहायक विचारतो, पाऊस किती मिलिमीटर झाला? आणि त्याच वेळी विहिरीतलं पाणी थरथरतं. हे प्रकरण कोणी नीट लिहिलं तर मी आधी वाचेन.

वहीत हातानं लिहिलेलं चालतं, टाइप करून आणायची गरज नाही. फक्त पानांवर क्रमांक घाला.